मॅग्नम गॅस-रॅम एअर रायफल, ४.५ मिमी: २० मीटरवर ग्रुप ३० मिमीच्या आत येत नाही. छर्रा बदलू की आणखी काही?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. एअर रायफल नळी मोडून भरायची, ४.५ मिमी, मॅग्नम म्हणजे जास्त ताकदीची, गॅस-रॅमवाली (स्प्रिंगऐवजी दाबलेला गॅस पिस्टन ढकलतो). खोक्यावर सेकंदाला १००० फूट छापलंय. वर सोबत आलेली ४×३२ दुर्बीण. जागा खानापूरकडं शेतात, मागं उंच बांध, अंतर टेपनं मोजलेलं २० मीटर. टेबलावर वाळूची पिशवी, पिशवीवर दस्ता, समोर कागद.

तीन तऱ्हेचे छर्रे मारून बघितले. मिश्रधातूचे हलके ०.३६ ग्रॅमवाले ५०-६० मिमी पसरतात, ते सोडूनच दिले. चपट्या तोंडाचे साधे शिशाचे ०.४८ ग्रॅम, ४० मिमी. गोल तोंडाचे ०.५४७ ग्रॅम, डब्यावर ४.५२ (छर्र्याच्या डोक्याचा व्यास, मिमीत) लिहिलेले, ३० ते ३५ मिमी. सगळे पाच-पाचचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पाच छर्रे मारून भोकं किती पसरली ते. कधी कधी तीन एकीकडं आणि दोन दुसरीकडं असे दोन घोळके पडतात. क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) गोल छर्रा २४३ ते २५५ मीटर प्रति सेकंद दिसतो.

परदेशात मॅग्नम शिकारी रायफलवाले घरी काडतूस भरताना दारू थोडी थोडी वाढवत नेमका भार शोधतात. आपल्याला छर्र्याच्या बाबतीत तसं काय करता येईल? वजन करून वेगळे काढू का? ४.५१ मागवू की ४.५२ च ठेवू? जड ०.६७ ग्रॅमचे कसे पडतील? आणि वेगातला हा १२ मीटरचा फरक कसा घालवायचा?


दहा_मीटर

काडतूस घरी भरणं आपल्याकडं शस्त्र कायदा १९५९ खालचा परवान्याचा विषय आहे, तो इथं नकोच. पण तुलना उपयोगी आहे, कारण तुमच्या रायफलीत दारूच्या जागी रॅम आहे आणि रॅमचा भार कारखान्यातच ठरून येतो. तुमच्या हातात फक्त छर्रा आणि धरण्याची पद्धत उरते. यातली दुसरी गोष्ट मोठी, आणि तीच तुमच्या प्रश्नात नाही.

आधी वेगाचा हिशोब करू. २५० मीटर वेगानं निघालेला ०.५४७ ग्रॅमचा छर्रा २० मीटरपर्यंत साधारण ३६ मिमी खाली येतो. वेगात १२ मीटरचा फरक पडला तर त्या ३६ मध्ये साडेतीन मिमीचा फरक पडतो, तोही फक्त उभा. तुमचा ग्रुप ३०-३५ चा. म्हणजे क्रोनोग्राफवरचा फरक शून्य केला तरी ग्रुप फारसा हलणार नाही. ४० मीटरवर मारत असता तर तोच फरक पंधरा मिमीच्या आसपास गेला असता, तेव्हा त्याच्या मागं लागण्यात अर्थ होता.

मग बाकीचे मिमी कुठनं येतात? वाळूच्या पिशवीवरनं, असं माझं मत. स्प्रिंग असो वा रॅम, अशा रायफलीला दोन धक्के असतात. पिस्टन पुढं सुटला की रायफल मागं येते, आणि पिस्टन टोकाला हवेच्या गादीवर आपटला की पुढं जाते. हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडायला लागतं. म्हणजे छर्रा बाहेर पडतो तेव्हा रायफल हालत असते. ती प्रत्येक वेळी एकसारखी हालली तर छर्रे एकाच जागी जातील. पिशवीवर घट्ट दाबून धरलेली रायफल कधी पिशवीला घासते, कधी उसळते, आणि खांद्याचा दाबही दर वेळी वेगळा.

पिशवीवर दस्ता ठेवू नका, डावा हात ठेवा. तळवा उघडा, बोटं दस्त्याला गुंडाळायची नाहीत. ट्रिगर-गार्डच्या जरा पुढं तोल साधतो तिथं दस्ता तळव्यावर नुसता टेकवायचा. उजव्या हातानं मूठ आवळायची नाही, खांद्याला जेमतेम लागू द्यायची, गाल हलका. ढिसाळ वाटतं, पण हेच बरोबर. तळव्याची जागा ठरली की दस्त्याला खालून चिकटपट्टीची खूण करा. ती जागा दोन सेंमी पुढं-मागं झाली तरी ग्रुप सरकतो, म्हणून तीन जागा धरून तिन्हीचे ग्रुप मारा आणि सर्वात लहान येईल ती कायम करा. मोठ्या रायफलवाले दारूचा भार शोधतात ना, तसा तुमचा शोध हाच.

नेम सरळ आहे का हे डोळे मिटून बघायचं. नेम धरा, डोळे मिटा, एक श्वास सोडा, उघडा. काटा (दुर्बिणीतली फुली) सरकला असेल तर हातानं ओढून आणू नका, बसण्याची दिशा बदला. ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताच परत जातो आणि तो आडवा फरक कागदावर दिसतो.


उद्यमबाग_टर्नर

वरच्या दादांनी धरण्याचं सांगितलं ते खरं, पण दोन घोळके पडतात म्हटल्यावर आधी पाना हातात घ्या. हात चुकला की पसरतं. दोन वेगळे घोळके म्हणजे बहुतेक वेळा कायतरी दोन जागी बसतंय.

दस्त्याचे स्क्रू आधी. पुढच्या बाजूला दोन्हीकडनं एकेक आणि ट्रिगर-गार्डचे. मॅग्नमला हे शंभरेक छर्र्यात सैल होतात, नवी असेल तर त्याच्याही आधी. काढा, आटे पेट्रोलनं किंवा स्पिरिटनं पुसून कोरडे करा, मध्यम ताकदीचा निळा थ्रेड-लॉकर एक थेंब लावा, बसवा. लाल नको, तो नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही. लाकडी दस्ता असेल तर जास्त आवळू नका, लाकूड चेपतं आणि पुन्हा सैल होतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, म्हणून ऋतू बदलला की परत बघायचं.

दुसरं, नळीची बिजागरी. हिची तपासणी रायफल ताणलेली असताना होते, म्हणून आधी सावधगिरी: एक हात नळीवर घट्ट, ट्रिगरजवळ बोट नाही, नळीच्या तोंडाशी आणि फटीत बोट नाही. नळी सुटून बंद झाली तर बोट जातं. ताणून झाल्यावर नळी जिथं ठेवाल तिथं थांबायला पाहिजे. स्वतःच्या वजनानं खाली पडली तर बिजागरीचा बोल्ट ढिला आहे. चाचणी झाली की छर्रा भरून बांधाकडं सोडा. छर्रा न भरता सोडलं तर पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, सील जातं.

तिसरं, नळीच्या मुळाशी असलेली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी). नळी मिटते त्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवून छर्रा मारा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. ओ-रिंग बदला, नाहीतर खाली पातळ कागदाची गोल चकती घालून ती जराशी वर घ्या. वेगातला तुमचा १२ मीटरचा फरक निम्मा इथंच जाईल असं वाटतं.

चौथं दुर्बीण. दोन धक्क्यांनी साध्या दुर्बिणीच्या आतली काच आणि काट्याची नळी हलते, साध्या रायफलीवर वर्षानुवर्षं चालणारी दुर्बीण इथं महिन्यात जाते. माउंट (दुर्बीण रायफलीवर धरणारी पकड) एका तुकड्याचा घ्या, खाली थांब-पिन असलेला, आणि ती पिन रायफलीवरच्या भोकात बसली पाहिजे. माउंटच्या मागं पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. वीसेक छर्र्यांनी रेघ आणि माउंट यात फट दिसली तर सरकतंय.

नळी मोडून भरायच्या रायफलीत नळी जरा खाली झुकलेली असते. त्यामुळं दुर्बिणीचा वरचा, उंचीचा स्क्रू फिरवत फिरवत शेवटाला जातो आणि आतली स्प्रिंग ढिली पडते. मग काटा एका जागी थांबत नाही. इलाज सोपा: मागच्या रिंगखाली शीतपेयाच्या कॅनचा पत्रा. तो साधारण ०.१ मिमी असतो. दोन रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर एका थरानं २० मीटरवर २० मिमी वर जातं. दोनाच्या वर थर लागत असतील तर झुकाव भरून काढणारा माउंटच घ्यावा, नाहीतर दुर्बिणीची नळी रिंगांत पिळली जाते.

नळीचं तोंड शेवटी. कापसाचा बोळा तोंडाच्या कडेवरनं गोल फिरवा, धागा अडकला तर तिथं बर (धातूची उठलेली कड) आहे. आमच्याकडं लेथवर पाच मिनिटांचं काम. घरी करायचं तर गोल डोक्याचा पितळी स्क्रू ड्रिलला लावून वर बारीक लॅपिंग पेस्ट, हळू फिरवत आणि ड्रिल चहूकडं झुलवत. नळीत आधी ओला कापूस घाला, पेस्ट आत गेली तर छर्र्याला फिरकी देणाऱ्या नळीतल्या रेघा घासून टाकते.

रॅम काढून जास्त दाबाची बसवून देतो म्हणणारे भेटतील. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं ४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच परवाना लागत नाही. तुमचे आकडे धरले तर आत्ता १७ ज्यूल होतात. वाढवण्यात ना नेम सुधारतो ना झोप लागते.


निपाणी_शिवार

खोक्यावरच्या १००० फुटांचं आधी सांगतो. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर, आणि तो आकडा ०.३६ ग्रॅमच्या हलक्या छर्र्याचा असतो. तिथं ऊर्जा १७ ज्यूलच्या आतच येते. तोच वेग ०.५४७ ग्रॅमनं दिला असता तर २५ ज्यूल झाले असते. हलका छर्रा पिस्टनला पुरेसा अडवत नाही, पिस्टन जोरात आपटतो, धक्का वाढतो. शिवाय ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे ३४० मीटरच्या जवळ गेलं की डमरूसारखा हा छर्रा डगमगायला लागतो. म्हणून ते ५०-६० मिमी.

जड ०.६७ ची उलटी अडचण. तो हलेपर्यंत हवेचा दाब इतका वाढतो की पिस्टन मागं उसळतो, आणि छर्रा नळीत जास्त वेळ राहतो. तेवढ्यात हाताची चूक जास्त लागते. तुमच्या ताकदीला ०.५१ ते ०.५६ ग्रॅम हा पट्टा. तोंड गोल. चपटं तोंड दहा मीटरच्या कागदाला, तिथं गोल स्वच्छ भोक पडतं म्हणून वापरतात. २० च्या पुढं वाऱ्यात ते लवकर हार खातं.

४.५१ की ४.५२ हे डब्यावरनं ठरत नाही, तुमच्या नळीवरनं ठरतं. छर्रा अंगठ्यानं बसवताना जरासा अडला पाहिजे. आपोआप घसरून आत गेला तर लहान, आणि दाबताना स्कर्टची (छर्र्याच्या मागच्या पोकळ घेराची) कड दुमडली तर मोठा. दोन्ही मापांचा एकेक डबा घ्या, पण त्याच कंपनीचे आणि त्याच वजनाचे, म्हणजे एकच गोष्ट बदलेल. डब्याच्या मागं लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) असतो तो लिहून ठेवा. त्याच नावाचा दुसऱ्या लॉटचा डबा वेगळा पडू शकतो, आणि मग माणूस रायफलीला दोष देत बसतो.

मारायची पद्धत: छर्रा बदलला की पहिले दहा मोजायचेच नाहीत. नळीत आधीच्या छर्र्याचं शिसं आणि तेल असतं, ते बदलायला तेवढे लागतात. मग दहा-दहाचे तीन ग्रुप. पाचाच्या एका चांगल्या ग्रुपवर भरवसा ठेवू नका. त्याच रायफलीचा, त्याच छर्र्याचा तीनचा ग्रुप दहाच्या ग्रुपपेक्षा सरासरीनं दीडपटीहून लहान दिसतो आणि पाचाचा ग्रुप जवळजवळ पाचवा हिस्सा लहान. तीन मारून फोटो टाकणारे म्हणून नेहमी खुशीत. मोजताना दोन सर्वात लांबच्या भोकांची बाहेरची कड ते कड मोजा आणि एका भोकाचं माप वजा करा. कागदात भोक ४.५ पेक्षा लहान पडतं, म्हणून ते कागदावरच मोजायचं.

वजन करण्याबद्दल: सराफाकडचा मिलिग्रॅमचा काटा मिळाला तरी २० मीटरसाठी मी करणार नाही. वजनात एक टक्का फरक पडला तर वेगात अर्धा टक्का, म्हणजे सव्वा मीटर. उभा फरक अर्ध्या मिमीच्याही आत. ०.०१ ग्रॅमचा स्वस्त काटा तर निरुपयोगीच, कारण त्याचा एक आकडाच जवळजवळ दोन टक्के आहे. तो वेळ स्कर्ट बघण्यात घाला. पांढऱ्या कागदावर छर्रे ओतायचे, चिमटलेली, चिरलेली कड असलेले बाजूला. काचेच्या तुकड्यावर एकेक घरंगळत सोडला तर सारखे छर्रे सारख्याच गोलाईनं वळतात, वेगळा वळणारा काढून टाकायचा.

डब्यात काळी भुकटी दिसली तर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, हलकेच हलवून, कापडावर पूर्ण वाळवून घ्या. आपल्याकडं जून ते सप्टेंबर धुतलेले छर्रे उघडे ठेवले तर पांढरी पूड चढते. डबा घट्ट, आत सिलिका जेलची पुडी. हात धुवायचे, शिसं आहे ते. मुलांना डबा उचलायला देऊ नका.


दहा_मीटर

वजनाबद्दल थोडा वेगळा आहे मी. १० मीटरच्या स्पर्धेत दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा आणि गुण १०.९ पर्यंत दशांशात. तिथं मोठे नेमबाज वजनापेक्षा लॉटची चाचणी करतात: रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळे लॉट मारतात, जो लहान ग्रुप देतो तो लॉट साठवतात. पण त्या रायफली दाबाच्या हवेवर चालतात, धक्का जवळजवळ नाही, आणि वेग १७० मीटरच्या आसपास. गॅस-रॅम शिकंज्यात घट्ट धरली तर उलट बिघडते. पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे ही मंडळी पुढं गेल्यापासून आपल्याकडं सगळे त्यांच्या रायफलीचे नियम स्प्रिंग-रॅमवाल्या रायफलीला लावायला बघतात. तसं होत नाही ओ.

आणि एक राहिलं, दुर्बिणीचा पॅरलॅक्स. साध्या ४×३२ ची जुळणी बहुधा १०० यार्डांवर असते. २० मीटरवर डोळा काचेच्या कडेला गेला तर नेम १२ मिमीपर्यंत चुकू शकतो, काटा मात्र ठिपक्यावरच दिसतो. पुढच्या काचेची रिंग सैल करून काच थोडी बाहेर घेतली की काही दुर्बिणींत २० वर जुळते. डोकं वर-खाली हलवून बघा, काटा ठिपक्यावरनं सरकायचा थांबला की रिंग आवळा. जमत नसेल तर समोर अंतर बदलता येणारी, एअरगनसाठी बनलेली दुर्बीण घ्या. तोपर्यंत गालाची जागा एकच.


चिकोडी_ऊसवाला

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. एवढ्या नेमानं उसातल्या रानडुकरांना, नाहीतर मोरांना हुसकायला वापरता येईल का?


निपाणी_शिवार

नाही अण्णा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, मोर तर सूची १ मध्ये. १७ ज्यूलमध्ये डुक्कर मरतही नाही, जखमी होऊन रानात सडतं. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनखात्याकडं करा. हा धागा कागदापुरताच राहू दे.


जांबोटी_रोड

पुढचा डावा स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला. टिश्यूची पट्टीही हलत होती, ओ-रिंग बदलली. तळव्यावर धरून, पहिले दहा सोडून, ४.५२ चा दहाचा ग्रुप आता १८-२० मिमी. घोळके गेले. वेग २४७ ते २५३. पण जे पसरतं ते आडवंच, उभं दहा-बारा मिमीच. ४.५१ अजून हाती यायचा आहे. नळी साफ करू का?


दहा_मीटर

उभं जमलं, आडवं राहिलं म्हणजे एकतर वारा नाहीतर ट्रिगर. ताशी ११ किमी, म्हणजे सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा तुमचा छर्रा २० मीटरवर जवळजवळ १८ मिमी ढकलतो. १० मीटरवर फक्त चार. एवढा वारा झाडाची पानं सळसळतील इतकाच, तोंडाला नुसता जाणवतो. उघड्या शिवारात पश्चिमेचं वारं दुपारी चढतं, तेव्हा ग्रुप सकाळी लवकर मारा. रायफल आणि कागदाच्या मध्ये, निम्म्या वाटेवर काठीला लोकरीचा धागा बांधा. धागा सरळ लोंबत असेल तेव्हाच ट्रिगर. रायफलीजवळचा वारा जास्त महत्त्वाचा, सुरुवातीला वळलेला छर्रा पुढं सगळं अंतर तसाच वळत जातो.

वाऱ्याविना आडवं राहिलं तर ट्रिगरवरचं बोट बघा. पहिल्या पेराच्या मधोमध, सरळ मागं, आणि छर्रा सुटल्यावर बोट तिथंच धरून एक आकडा मोजायचा.


उद्यमबाग_टर्नर

नळी ग्रुप बिघडल्याशिवाय साफ करू नका. करायची वेळ आली तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी दुहेरी करून, टोकाला सुती चिंधी, मागच्या बाजूनं घालून तोंडाकडं ओढायची. पितळी ब्रश नको. कोरडी चिंधी पांढरी निघेपर्यंत. त्यानंतर वीस-तीस छर्रे ग्रुप मोठा येईल, नळीत शिशाचा पातळ थर बसेपर्यंत थांबा.

तेलाचं लक्षात ठेवा: कॉम्प्रेशन चेंबरमध्ये शिलाई मशीनचं किंवा कुठलंही खनिज तेल घालायचं नाही. दाबानं ते पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, वेग उडतो, सील जळतं. नव्या रायफलीला पहिल्या तीनशे-चारशे छर्र्यांत कारखान्याच्या ग्रीसचा असा धूर थोडा येतोच, तोवर क्रोनोग्राफचे आकडे खरे धरू नका.


निपाणी_शिवार

गॅस-रॅम आहे म्हणून तापमानही वहीत लिहा. रॅममधला दाब तापमानाबरोबर वाढतो: १५ अंशांवरनं ३५ वर गेलं की सात टक्क्यांच्या आसपास. बेळगावकडं डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार यात तेवढा फरक सहज पडतो. म्हणून ४.५१ आला की ४.५२ बरोबर त्याच सकाळी मारा: दहा ४.५२, मग ४.५१ चे दहा सोडून दहा, मग परत ४.५२ चे दहा सोडून दहा. पहिला आणि शेवटचा ४.५२ चा ग्रुप एकमेकांशी जुळत नसेल तर त्या दिवसाची तुलना रद्द.

झिरो, म्हणजे काटा आणि छर्रा जिथं जुळतात ते अंतर, २० वरच राहू दे. दुर्बीण नळीपासून ४५ मिमी वर धरली तर १० मीटरवर छर्रा सव्वा सेंमी खाली लागेल, ३० वर एक सेंमी खाली, आणि ४० वर चार-साडेचार सेंमी. ४.५१ बरा निघाला तर त्याच लॉटचे चार-पाच डबे एकदम घेऊन ठेवा.